जन्म निवडू न देणारा गेम

चळवळीतल्या माणसाने व्हिडिओ गेमवर लेख लिहावा हे काहींना रुचणार नाही. देशात काय चालले आहे आणि हा गेमवर लिहितो, असे म्हणणारे फोन येतील हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगायचे आहे की आंबेडकरी जलशांनाही एकेकाळी हेच ऐकावे लागले असेल. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात नवा विचार भरला, कारण लोक तिथे बसलेले होते. आज आपली पोरे कुठे बसलेली आहेत? आंबिवली स्टेशनवर सकाळच्या लोकलची वाट पाहताना आजूबाजूला नजर टाका. दहातल्या सहा मुलांच्या हातात मोबाइल आडवा धरलेला असतो. आडवा मोबाइल म्हणजे गेम चालू आहे, हे आता शेंबडे पोरही सांगेल. कल्याणपर्यंत दोनच स्टेशने, पण तेवढ्यातही एक लढाई उरकते.

मग या गेममध्ये त्यांना काय शिकवले जाते, याची चिकित्सा आपण करायची नाही तर कोणी करायची?

गेमचा एक मोठा प्रकार आहे, त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. पोरे त्याला आरपीजी म्हणतात. त्यात तुम्ही एका पात्राची भूमिका घेता, त्याच्या वतीने बोलता, निर्णय घेता, लढता आणि त्याचे भलेबुरे भोगता. या प्रकाराचा उगम कॉम्प्युटरवर झालेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. आजच्या बहुतेक आरपीजींचे नियम, शब्द आणि सवयी तिथूनच आलेल्या आहेत.

या खेळाची सुरुवात कशी होते ते नीट समजून घ्या. आधी तुमचे पात्र तयार करायचे. त्यात दोन रकाने महत्त्वाचे. पहिला, २०२४ पर्यंत, 'रेस', म्हणजे वंश: माणूस, एल्फ, बुटका ड्वार्फ, अर्धा ऑर्क वगैरे. दुसरा 'क्लास', म्हणजे काम: योद्धा, पुरोहित, चोर, जादूगार. वंशाप्रमाणे तुमची ताकद, बुद्धी, चपळाई कमीजास्त होत असे. १९७८ च्या नियमपुस्तकात तर माणूस सोडून इतर वंशांना अनेक कामांमध्ये ठरावीक पायरीच्या वर जाताच येत नव्हते. कितीही पराक्रम करा, पायरी ठरलेली. त्याच पुस्तकात स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली होती. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत याच्याही पुढची गोष्ट होती. तिथे माणसाला काम निवडता येई, पण एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग यांना निवडच नव्हती. एल्फ असणे हेच त्याचे काम. जन्म हाच धंदा!

हे वाचून तुम्हाला काय आठवले ते मी सांगायला नको. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि ती एकावर एक रचलेली आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये मांडले. ज्या अमेरिकन माणसांनी हा खेळ काढला, त्यांनी मनुस्मृती वाचली होती असा माझा दावा नाही. पण जन्मावरून माणसाचे गुण आणि मर्यादा ठरवण्याची कल्पना त्यांना इतकी सहज सुचली, आणि लाखो लोकांना ती इतकी सहज पटली, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. पायरीची मर्यादा २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. ऑर्कसारख्या वंशांना जन्मतःच दुष्ट दाखवण्यात वर्णद्वेषाचे जुने साचे आहेत, हे खेळाच्या कंपनीने २०२० साली जाहीरपणे मान्य केले. २०२४ च्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्दच काढला. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि तीही खेळणाऱ्या लोकांनी, विशेषतः कृष्णवर्णीय खेळाडूंनी, प्रश्न विचारले म्हणून.

यावर कोणी म्हणेल, अहो, खेळ आहे तो, एवढे मनावर कशाला घेता? मान्य. पण या खेळात एक सवलत आहे, ती लक्षात घ्या. तिथे वंश तुम्ही स्वतः निवडता. ऑर्क व्हायचे की एल्फ, हे तुमच्या मर्जीवर. एका पात्राचा कंटाळा आला की दुसरे बनवता येते. शिवाय तुम्ही कोणीही असलात तरी गोष्टीचे नायक तुम्हीच. भविष्यवाणी तुमच्याच नावाची, तलवार तुमच्याच हाताला येणार. हे सुख खोटे आहे असे मी म्हणत नाही. दिवसभर बाराशे पायऱ्या चढून पार्सल पोचवणाऱ्या पोराला रात्री तासभर राजा व्हावेसे वाटले तर त्यात गैर काय? माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या समाजाला जन्म निवडता आला नाही, त्याची गोष्ट या साच्यात बसत नाही.

ही गोष्ट दुसऱ्या साच्यात बसते, हे मला एका स्वस्तातल्या, फारसा कोणाला माहीत नसलेल्या गेममुळे कळले.

गेमचे नाव 'अनरेस्ट'. मराठीत अस्वस्थता म्हणा, असंतोष म्हणा. 'पायरोडॅक्टिल' नावाच्या छोट्या भारतीय स्टुडिओने तो बनवला. २०१३ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून पैसे उभे केले आणि जुलै २०१४ मध्ये गेम बाहेर आला. तो आला तेव्हा समीक्षकांची मते संमिश्र होती. नंतर त्याची चर्चाही थांबली. स्टीमवरच्या एका सेलमध्ये मला तो दोन वडापाव आणि दोन कटिंग चहाच्या भावात मिळाला. घरातला लॅपटॉप उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेला जुना आहे. आजकालचे मोठे गेम त्यावर उघडतही नाहीत. हा मात्र चालला, कारण चित्रे साधी, सपाट आहेत आणि सगळा भर बोलण्यावर आहे. माझा भाचा शेजारी बसला होता. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "मामा, यात मारामारीच नाही." ते खरे आहे. लढाई क्वचित येते, आणि आली तरी बहुतेक वेळा टाळता येते. कारण तुम्ही वीर नाही. तुम्ही साधी माणसे आहात.

गोष्ट घडते ती प्राचीन भारताच्या धर्तीवर कल्पिलेल्या एका जगात. भिमरा नावाचे नगरराज्य आहे. पाऊस नाही, धान्य नाही, दुष्काळाने माणसे हैराण आहेत, राजसत्ता डळमळली आहे. या शहराची गोष्ट आपण पाच वेगवेगळ्या माणसांच्या आत शिरून पाहतो. पात्र तयार करायचा रकाना नाही. वंश निवडा, काम निवडा, चेहरा निवडा, यातले काही नाही. पडदा उघडतो आणि तुम्ही तान्या नावाची गरीब शेतकऱ्याची मुलगी असता. घरच्यांनी तुमचे लग्न ठरवले आहे. तुम्हाला ते नको आहे. आता बोला.

हे 'आता बोला' मला फार महत्त्वाचे वाटते. एरवी आरपीजीत बोलण्याचे पर्याय म्हणजे सभ्य उत्तर, उद्धट उत्तर आणि विनोद. कोणतेही निवडा, तलवार तुमच्याच कमरेला असते. तान्याच्या कमरेला काहीच नाही. तिने आईला एक शब्द चढ्या आवाजात बोलला की घरात काय होईल याचा विचार करावा लागतो. होकार दिला तर काय जाते, नकार दिला तर कोणाचे काय जाते, हे मोजावे लागते, कारण दुष्काळात लग्न हाही पोट भरण्याचा एक व्यवहार असतो. तिचे पुढे काय होते ते मी सांगणार नाही. पण कोणतीच वाट फुकट नाही, एवढे सांगतो. मग काही वेळाने तुम्ही तान्या राहत नाही. दुसऱ्या माणसाच्या जागी जाता. कधी आशा नावाची राजकन्या असता. तिथे तोच दुष्काळ, तेच शहर, पण बोलण्याचे पर्याय निराळे, आवाजाला वजन निराळे. आता समोरचा माणूस मान खाली घालून ऐकतो. मी तोच, माझी बुद्धी तीच, बोटे तीच. बदलला तो फक्त जन्म.

मित्रांनो, विषमतेवर आपण हजारो भाषणे ऐकली आहेत. पण प्रश्न पैशाइतकाच बोलण्याच्या अधिकाराचा असतो, हे एवढ्या थोडक्यात अनुभवायला देणारी गोष्ट मी क्वचित पाहिली. पुस्तकात तान्याबद्दल वाचताना आपण तिची कीव करतो. इथे कीव करायला वेळ नसतो. तिच्या वतीने उत्तर द्यायचे असते.

आणखी एक गोष्ट. या गेममध्ये समोरच्याचे तुमच्याविषयीचे मत तीन मापांनी दाखवले जाते: मैत्री, आदर आणि भय. एखाद्याला तुम्ही आवडता, पण तो तुमचा आदर करत नाही, असे होऊ शकते. आदर आहे पण मैत्री नाही, असेही होते. ही तीन मापे घेऊन जरा आपल्या आयुष्याकडे पाहा. ऑफिसात आपल्याशी गोड बोलणारे, डबा वाटून खाणारे सहकारी किती असतात! मैत्रीचे माप भरलेले. पण बढतीची यादी लागली की "यांना काय, कोट्यातून मिळते" हे वाक्य कानावर येतेच. म्हणजे आदराचे माप रिकामे. गावाकडे याच्या उलट चालते. तिथे मैत्री आणि आदर दोन्ही नसले तरी चालते, भय असले की पुरे. आमच्या या पट्ट्यातला मोठा कारखाना बंद पडल्याला पंधराहून अधिक वर्षे झाली. त्यानंतर कंत्राटी कामावर जाणाऱ्या पिढीला ही तीन मापे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादमासमोर बोलताना कोणता शब्द गिळायचा, हे ती रोज मोजते.

गेममध्ये नागही आहेत. हे सर्पदेही लोक बाहेरच्या एका बलाढ्य साम्राज्यातले, आणि शहरात त्यांच्याविषयी संशय आहे. नाग म्हटले की आपले कान टवकारतात. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात दीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा दाखला दिला होता. गेम बनवणाऱ्यांच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही. त्यांचे नाग काल्पनिक आहेत आणि शहराचे नाव भिमरा आहे म्हणून उगाच उड्या मारण्याचे कारण नाही. पण ज्यांना कथेत कायम राक्षस म्हणून मारले जाते, ते इथे वाटाघाटी करतात, करार करतात, त्यांचेही डाव आणि दुःख असते. हा फरक छोटा नाही.

तुलनेसाठी आपल्या पुण्यातलाच एक गेम घेऊ. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या स्टुडिओने २०२० साली 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला. तो आरपीजी नाही, मारधाडीचा साहसी गेम आहे. जगभर त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. चित्रे देखणी आहेत, काम मेहनतीचे आहे. नायिका राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. म्हणजे आपल्याकडचे डोंबारी डोळ्यांसमोर आणा. पण तिची गोष्ट काय आहे? महाबलासुराने भावाला पळवले, देवतांनी तिला निवडले, शस्त्र दिले, आता असुरांना मार. कसरत करून पोट भरणाऱ्या मुलीला गावाच्या कडेला पाल का टाकावे लागते, हा प्रश्न तिथे येत नाही. आणि असुर म्हणजे मारण्याची वस्तू. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' त बळीराजाची कथा उलटी वाचून दाखवली. दीडशे वर्षांनंतरही आपल्या पोरांच्या हातातला असुर मात्र जुनाच आहे. राजी वाईट गेम आहे असे मी म्हणत नाही. भारतीय म्हणून जे खपते ते कोणाच्या पुराणातले असते, एवढेच दाखवतो आहे.

'अनरेस्ट' मधले दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही जाहिरात होईल. गेम छोटा आहे, एका रविवारी संपतो. लढाई येते तिथे ती ओबडधोबड आहे. गोष्टीचे काही धागे घाईत गुंडाळल्यासारखे वाटतात. तो इंग्रजीत आहे आणि वाचन भरपूर आहे. इंग्रजी कच्चे असेल तर दोघातिघांनी मिळून वाचत खेळावे. भाच्याला आणि मला तेच बरे पडले. आम्ही प्रत्येक उत्तराआधी भांडलो. पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही पाच जणांच्या भूमिकेत जाता, मात्र प्रत्येक वेळी एकटेच असता. एकट्याने सोसायचे, एकट्याने निवडायचे. दबलेली माणसे एकत्र येतात तेव्हा पर्यायांची यादीच बदलते, हा आपल्या चळवळीचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. तो या तीन मापांत मावत नाही. चौथे माप हवे होते: संघटन.

ते चौथे माप कोण घालणार? दुसऱ्या कोणी घालावे अशी वाट पाहत बसायचे का?

महाडचा विचार करा. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले. मग देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ले झाले. आता कल्पना करा, हा गेम आहे आणि त्यात तुम्ही पाच जण आहात. कोकणातल्या खेड्यातून भाकरी बांधून आलेला तरुण. फौजेतून निवृत्त झालेला महार पेन्शनर, ज्याला लढता येते. नगरपालिकेतला कारकून, ज्याला ठराव माहीत आहे. अफवा पहिल्यांदा ऐकणारा दुकानदार. आणि डिसेंबरच्या परिषदेला आलेली बाई, जिने बाबासाहेबांचे महिलांपुढचे भाषण ऐकले आणि आता घरी जाऊन नेसण्याची पद्धत बदलायची आहे.

पेन्शनरसमोर सर्वांत अवघड पर्याय कोणता असेल? हात उचलणे त्याला सोपे आहे. त्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ला करू दिला नाही. स्वतःच्या माणसाचे डोके फुटलेले पाहून हात आवरायचा, आणि तो भीतीमुळे आवरलेला नाही हे समोरच्याला कळलेही पाहिजे. अशी निवड कोणत्या तलवारबाज गेमने आजवर खेळाडूसमोर ठेवली आहे? पुढे डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. कोर्टाचा मनाईहुकूम आला आणि सत्याग्रह पुढे ढकलायचा की नाही हा पेच उभा राहिला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. मैत्री, आदर, भय, संघटन ही चारही मापे यात पानोपानी हलतात. यासाठी ड्रॅगन लागत नाही.

गेम बनवायला कोट्यवधी रुपये लागतात, हा समज सोडा. 'ट्वाइन' नावाचे फुकट साधन आहे. निवडीवर चालणाऱ्या गोष्टी त्यात बनवता येतात आणि सुरुवातीला कोडिंगही यावे लागत नाही. 'गोडो' नावाचे गेम इंजिन फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. कोलकात्यात लीना केजरीवाल यांच्या पुढाकारातून २०१६ साली मुलींच्या तस्करीवरचा 'मिसिंग' हा फुकट मोबाइल गेम आला. त्यातही तुम्ही पळवून नेलेल्या मुलीच्या जागी असता. म्हणजे हे आपल्या देशात झालेले आहे.

आपल्या वस्त्यांत आज इंजिनिअर आहेत, चित्रकार आहेत, अ‍ॅनिमेशन शिकणारी पोरे आहेत, गाणारे तर घरोघरी आहेत. विहारात रविवारी संध्याकाळी दोन तास एक लॅपटॉप उघडा. आधी 'अनरेस्ट' चा तान्याचा भाग सर्वांनी मिळून खेळा आणि प्रत्येक निवडीवर वाद घाला. मग महाडचा एकच प्रसंग, फार तर दहा निवडींचा, मराठीत लिहून पाहा. पहिला प्रयत्न कच्चा निघेल. निघू द्या. आपल्या आजीला तो खेळायला द्या आणि ती कोणत्या पर्यायावर थांबते ते पाहा. तिला त्यातले बरेच काही आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ज्यांनी बनवायला घेतला असेल त्यांनी जरूर कळवा. आंबिवलीत एक जुना लॅपटॉप आणि दोन खेळाडू तयार आहेत.

जय भीम.